शिवरामांचं नाव

सांगली, ८ फेब्रु. १९४४, मंगळ.
वॉर्डबॉय एकेक करून पलटणीत गेले. आता पुरुषांच्या वॉर्डातही बायाच, आणि त्यांना तयार करायचं मी. नव्या दोघी आल्या. आष्ट्याची हमिदा, कवठे महांकाळची सोना. सोनाचा नवरा लढाईवर, घरी सासू. हात काय हलका पोरीचा! पाठ सोलवटलेल्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं, त्यानं हूं की चूं केलं नाही. पण चार नंबर खाटेवरच्या तात्यांना नावानं हाक मारीत नाही. 'आवं पावणं', बस्स.

१०, गुरु.
पाळी बदलताना सोनानं हमिदाला सांगितलं, "तासगावच्या पावण्यांना एरंडेल दे." तासगावचे दोघं आहेत! द्यायचं होतं चार नंबरच्या शिवरामतात्यांना. हमिदा चमचा घेऊन नऊ नंबरला, मुदतीच्या तापाच्या पोराकडे. त्याची आतडी आधीच नाजूक, एरंडेल म्हणजे जिवाशी खेळ. धावत जाऊन चमचा हिसकावला. मग सोनावर ओरडले, नको तितकं. "नाव घ्यायला जीभ झडते काय गं?"
रडत म्हणाली, "बाई, आमच्या धन्यांचं नावबी त्येच हाय. त्ये तिकडं गोळ्यांत. मी नाव घेतलं आन् आयुष्य घटलं तर?"
डॉ.च्या कानावर गेलं. म्हणाले, शनिवारपर्यंत नाव घेऊन काम सांगितलं तर ठीक, नाहीतर घरी. बरोबरच आहे त्यांचं. तरी राग आला.

११, शुक्र.
तात्या स्वतःच म्हणाले, "पोरी, मला नुसतं शिवा म्हन की."
सोना आणखीच लाजली. "सासूबाई त्यास्नी शिवाच म्हनत्यात." सगळा वॉर्ड हसला.
शेवटी हमिदा म्हणाली, "लग्नात तुमी उखाण्यात नाव घेताच की. तितं चालतं, मग हितं का न्हाई?"
अगं बाई! मला कसं सुचलं नाही?

१२, शनि.
डॉ. समोर. सोनानं पदर सावरला आणि—
"फुलपात्रात पाणी, वाळा घालून गार,
शिवरामांचं नाव घेते, खाट नंबर चार.
दोन चमचं एरंडेल, हमिदा."
टाळ्या! डॉ. म्हणाले, "दवाखाना आहे की लग्नघर?" पण मिशीत हसले. महिनाअखेरपर्यंत राहू दे म्हणाले.

१६, बुध.
रोज नवा उखाणा. हमिदा जुळवून देते, रोगी वाट बघतात. मजा आहे, पण घाईच्या वेळी ही यमकं कुठून आणणार? ते डोक्यातून जात नाही.

१८, शुक्र.
दुपारी तात्या न सांगता खाटेवरून उठले, घेरी आली. मी पलीकडच्या टोकाला. सोना दाराशी, हातात बादली.
"शिवराम! बसा खाली!"
तात्या दचकून बसले. बादली टाकून ती पोचली, खांदा दिला, आडवं केलं, पाय वर घेतले. सगळं शिकवलं तसं. मग ध्यानात आलं. तोंडावर हात.
"बाई, ह्ये नाव घेतलेलं धरत न्हाईत न्हवं?"
"कामातलं धरत नाहीत," मी ठणकावून सांगितलं. जसं काही मला ठाऊकच होतं.
डोळे पुसून ती सांडलेलं पाणी टिपायला लागली. मी ड्रेसिंगच्या खोलीत गेले, दार लोटलं, हात जोडले. असल्या समजुतींना जन्मभर हसत आले मी. देवा, त्या शिवरामला धडधाकट घरी आण.