शून्याच्या जागी एक

प्रिय ढब्बू,

डॉक्टर झालास, लोकांचे मेंदू उघडून परत शिवायला लागलास, तरी मला तू ढब्बूच. अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली, त्यात कागद मांडीवर आणि पेन्सिल तुझ्या धाकट्या बहिणीची, टोक झिजलेली. पण आज इतका आनंद झालाय की टोक नसतं तर नखाने लिहिलं असतं.

आठवडा झाला, तू फोन उचलत नाहीस. आईने दाराशी ठेवलेला डबा तसाच परत येतो. तुझा बाप येरझाऱ्या घालतो आणि माझ्यावर खेकसतो. मी ऐकून घेते, त्याचाही जीव टांगणीला लागलाय.

तर आनंदाचं सांगते. धाकटीच्या मोबाइलवर तुझं ते पान आहे ना, तू छापलेले सगळे लेख आणि दुसऱ्या डॉक्टरांनी आपल्या लेखात त्यांचे दाखले किती वेळा दिले त्याचे आकडे, ते मी दर रविवारी वाचून घेते. मेंदूतल्या गाठींवरच्या त्या जाडजूड लेखाचे दाखले तर शेकड्यांनी. इस्त्रीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, आजी, मग पैसे किती मिळतात? म्हटलं, छदाम नाही, नुसता मान. तो माझ्याकडे दयेने बघत राहिला.

पण माझा डोळा सगळ्यात खालच्या लेखावर. तुझ्या मोठ्या डॉक्टरांनी छापू नकोस म्हणून बजावलं होतं तो. जमलेलं छापावं, फसलेलं कपाटात ठेवावं, असं म्हणाले म्हणे. ती गाणं शिकवणारी बाई. गाठ निघाली, पण आत वाट करताना तू एक शीर बंद केलीस आणि तिचं बोलणं गेलं. कंगवा दाखवला तर तिने तो केसांतून फिरवला, पण नाव काही तोंडात येईना. हे मला सांगताना तुझा चहा गार झाला होता. तू सगळं जसंच्या तसं लिहिलंस, स्वतःच्या नावानिशी. आणि त्या लेखासमोर तीन वर्षं शून्य.

बढतीच्या वेळी कुणीतरी त्या शून्यावर बोट ठेवून हसलं आणि तू खचलास. राजीनामा दिला म्हणालास. मग म्हणालास, "आजी, कुणी वाचलंसुद्धा नाही गं. तिचं बोलणं फुकट गेलं." मी आपलं विचारलं, जेवलास का. तू फोन ठेवलास, तो ठेवलासच.

आज सकाळी धाकटी धापा टाकत आली. शून्याच्या जागी एक. म्हटलं, चष्मा पूस आणि परत बघ. एकच होता. कुठल्याशा लांबच्या डॉक्टरांनी तुझा दाखला दिलाय. तिने तो कागद छापून आणला आणि मला समजेल असा सांगितला. त्यांच्याकडेही तशीच गाठ असलेली एक बाई आली होती. तुझा लेख वाचून त्यांनी त्या शिरेला धक्का लावला नाही, वळसा घालून गेले. दुसऱ्या दिवशी तिला चित्रं दाखवली, चमचा, घड्याळ, कंगवा. तिने सगळ्यांची नावं सांगितली. ढब्बू, कंगव्याचंसुद्धा.

येता येता इस्त्रीवाल्याला सांगितलं, तर म्हणतो, एकच? म्हटलं, हो, एकच. बाई एकच होती.

आता हे लिहिण्याचं कारण. मी तुझ्या दाराबाहेर पायरीवर बसलेय. गुडघे धरत तीन जिने चढले, घंटा वाजवून बोट दुखलं. खाली तुझा बाप कुलूपवाल्याला घेऊन उभा आहे, दार फोडायचं म्हणतो. त्याला म्हटलं, आधी मला लिहू दे. मघाशी आत नळ वाजला, तेव्हापासून मला श्वास घेता येतोय. हा कागद दाराखालून सरकवतेय. उलटा कर, मागे तोच छापील मजकूर आहे, धाकटीने तुझ्या नावाखाली रेघ मारलीय. वाचून काही बोलू नकोस. आजी म्हणून हाकसुद्धा मारू नकोस. नुसती कडी काढ.

तुझीच,
दाराला पाठ टेकून बसलेली आजी