बाजेला चार माणसं लागतात

प्रिय आप्पा,

आपल्याविरुद्ध एक लेखी तक्रार नोंदवतो आहे. रविवारी आपली बाज उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. जांभळीच्या लाकडाची एवढी अवजड बाज करून घेताना, पुढे मुलगा संस्कृतचा मास्तर निघेल, याचा आपण काडीचाही विचार केला नाहीत! जुन्नरच्या घरी पालथा पडून लिहितो आहे. अक्षराला हसू नका.

ती बाज म्हणजे तुमचं पंचांग. उन्हाळ्यात पश्चिमेच्या पडवीत, कोकणातून कडा चढून येणाऱ्या वाऱ्यासमोर. पावसाळ्यात आत, चुलीपाशी. दसरा झाला की पूर्वेच्या अंगणात, कोवळ्या उन्हात. "आपल्या वाडीत मानूस लवकर मरत न्हाई. हवाच मरू देत न्हाई," हे तुमचं एकमेव सूत्र. त्याला ना भाष्य, ना अपवाद.

धोंडूकाका आठवतात? नव्वदीला टेकलेले. लेकाकडे पिंपरी पेंढारला, सपाटीवर राहायला गेले आणि दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "बघ, खाली उतारला आन् संपला."

"आप्पा, हवेचं काय घेऊन बसलात? वय झालं होतं त्यांचं."

"आन् हितं व्हता तवा काय पाळण्यात व्हता?"



ऋषींनी देवाकडे शंभर शरद मागितले, शंभर पावसाळे नाही. तेव्हा ते नक्की आपल्या घाटमाथ्यावर राहून गेले असणार, असं मी चिडवायचो. तुम्ही लक्षच द्यायचा नाहीत. ऋतू पालटला की शेजाऱ्यांना हाका मारायचात. चार खुरांना चौघं. बाज या दारातून त्या दारात जायची आणि चहा-गप्पांत अख्खी सकाळ सरायची. "जित्तेपणीच सवय करून घ्या राव, मंग मी जड न्हाई व्हनार," म्हणून तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं हसायचात.

तुम्ही गेल्यापासून ती बाज आईची. रविवारी वर वाडीत गेलो तर ती घरात, अंधारात, चुलीच्या धुरात त्या बाजेवर पडलेली. बाहेर पौषातलं ऊन अंगणभर लोळत होतं आणि ही आत खोकत होती! पावसाळ्यात आत घेतलेली बाज तिथंच.

"बाहेर का नाही काढली?"

"कोन काढनार? किसनभाऊ ऱ्हायला व्हता, तो बी लेकीकडं गेला डिंगोऱ्याला. आता आमी म्हाताऱ्याच. आन् गुडघ्यानं भुईवर तर बसवत न्हाई."

मग मी एकट्यानं पराक्रम केला. बाज हलली नाही, मी हललो. आई खोकता खोकता हसली. "तुज्या आप्पानं तरी कदी एकट्यानं उचलली व्हती का रं?"

नव्हती, आप्पा. मग एवढी साधी गोष्ट सूत्रात घालायची राहिली कशी? कडा तोच, वारा तोच, ऊनही तेच. पण म्हाताऱ्या माणसापर्यंत ते आपलं आपण चालत येतं का?

"जुन्नरला चल" म्हटलं तर म्हणते, "न्हाई बाबा, धोंडूभावजींगत व्हईल." हे तिला कुणी शिकवलं, ते वेगळं सांगायला नको!

शेवटी जीपवाला आणि त्याचे दोन उतारू बोलावले, वाकडातिकडा चौथा मी. बाज अंगणात आली. आई उन्हात बसली, आणि जीपवाल्याला चहा घेतल्याशिवाय काही जाऊ दिलं नाही.

तुम्हाला शब्द देतो. होळी झाली की बाज पडवीत जाईल, आणि पुढेही प्रत्येक ऋतूला. तिघांना घेऊन मी येईन, कमरेला पट्टा बांधून का होईना.

पण खरं सांगू? कमरेचं काही नाही. खाली आणली तर आई धोंडूकाकांसारखी जाईल, याची भीती वाटते. आणि वरच राहू दिली, तर एखाद्या सकाळी ती हाक मारेल आणि ऐकायला कुणीच नसेल, याची. काय करावं, मला कळत नाही, आप्पा.

तुमचाच,
बाळू