सोफा वाळेपर्यंत

चि. धाकटीस थोरल्या दादाचे पोटभर आशीर्वाद.

तू, लेक आणि नवं बाळ, तिघंही मजेत असाल. बाळ सगळ्यांना जागवत असेल तर जागवू दे. तू तरी कुणाला झोपू दिलं होतंस? इकडे तुझे यजमान आणि त्यांच्या सोबतीला आलेला मी सुखरूप आहोत. (हा शब्द मी नुसता रिवाज म्हणून लिहिलेला नाही, हे पुढे कळेलच.)

झालं असं, की तू बाळ-बाळंतिणीला घेऊन येणार म्हणून यजमानांनी घर चकाचक करायचं मनावर घेतलं. तोवर सगळं ठीक होतं. सोफ्यावर चहाचा एक डाग होता, तोही इतका जुना की मी त्याला नक्षी समजत होतो. पण आजोबा झाल्यापासून ह्या गृहस्थांना जिकडेतिकडे जंतू दिसतात. बाळ गालिच्यावर रांगणार, सोफ्याचा कोपरा चोखणार, म्हणून त्यांनी बाथरूममध्ये बादली मांडली. (बाळ अजून मानही धरत नाही, असं मी सुचवून पाहिलं. ढिम्म.) बादलीत आधी ब्लीच ओतलं आणि जोर कमी पडायला नको म्हणून वर संडास धुवायचं ॲसिड. मग बादलीतून जे काही वर आलं, त्यानं डोळ्यांना धारा लागल्या, घशाची आग झाली आणि यजमान पुढे, मी मागे, असे आम्ही घराबाहेर! त्यांच्या अंगात नुसता बनियन, पण ॲसिडची बाटली मात्र हातात घट्ट. जिन्यात खोकत बसून ती आम्ही पहिल्यांदा वाचली. दुसऱ्या कशातही मिसळू नये, विषारी वायू होतो, असं बारीक अक्षरांत छापलेलं होतं. यजमानांनी बाटली पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "दादा, बाळ घरात असतं तर?" मला थट्टा सुचली नाही.

वास पुरता गेल्यावरच आत शिरलो. सोफ्याच्या गादीखाली एक शिवलेली पट्टी निघाली: सौम्य साबण, कमी पाणी. (इतकी वर्षं आम्ही त्या पट्टीवरच बसत होतो.) आधी मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, साबणाचं पाणी लावून पाहिलं, तर सोफ्याचा रंग उतरून फडकं निळं! साबण बाद. मग नुसतं पाणी आणि पांढरं फडकं. घासायचं नाही, टिपायचं. यजमान बाळाचं तोंड पुसावं तसे डाग टिपत होते. गालिचा नुसता झटकून उन्हात टाकला. सगळं छान चाललेलं, तेवढ्यात मी चहा ठेवायला गेलो आणि ह्यांनी घाई होऊन तांब्याभर पाणी सोफ्यावर ओतलं. आता पंखा चालू आहे आणि आम्ही जमिनीवर बसतो. डाग फिका झालाय, एवढंच.

असो. माझी सोबतीची कामगिरी संपली. सोफा वाळला की मी माझ्या घरी जाईन. लेकीला जप, बाळाला पापा.

तुझा,
दादा

ता. क. यजमान फोनवर थोडी झाडलोट केली म्हणतील. हो म्हण.

आणखी एक. ते रोज सकाळी सोफ्याला हात लावून म्हणतात, "अजून ओलसर आहे, दादा, थांबा." सोफा केव्हाच वाळलाय. त्यांना ठाऊक आहे, मलाही. तिकडे माझ्या घरी कुणी नाही गं. बाळाला पाहीपर्यंत राहू का?