नऊ तारखेचं पान

दिघी,
१९ जानेवारी २०२५

चि. रंगरावास दुर्गाक्काचे आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. माझ्या स्वरूपाची चाकणच्या कंपनीत या आठवड्यात सकाळची शिफ्ट आहे, त्यामुळे माझी उठबस पाचलाच सुरू होते. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. यात मध्येच तोंड घालता येत नाही.

माजी सैनिक संघ सव्वीस तारखेला वाचनालयाला आबांचं नाव देतोय, याचा तुझ्याइतकाच आनंद मला आहे. पण तिथे लावायला तू दिलेल्या त्यांच्या कोरियातल्या रोजनिशीच्या झेरॉक्स मी पाहिल्या. आठ फेब्रुवारी १९५१ नंतर एकदम दहा. आणि आता मूळ वहीही तुला 'दोन दिवसांसाठी' हवी आहे. ती मिळायची नाही.

भाषणात तू आबांच्या हातात बंदूक देतोस. ते लष्कराच्या वैद्यकीय पथकात होते; त्यांच्या हातात स्ट्रेचर होतं, रंगा. रोज तेच लिहिलंय. डोंगरावर सात फेऱ्या, सात जखमी खाली आणले, औषधाच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून सदऱ्यात घेऊन झोपलो. यात कमीपणा कसला, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि नऊ तारखेला: "तोफा सुरू झाल्या. जखमीला स्ट्रेचरसकट तिथेच टाकून मी आणि जोडीदार दोघंही पळालो. ओढ्यापाशी थांबलो. मी परत गेलो. तो मेलेला. पाठीवर घेऊन खाली आणला."

दरवर्षी त्या तारखेला आबा जेवत नसत, आठवतं? आईने विचारलं की पोट जड आहे म्हणायचे. आपण त्यावर हसायचो.

ते पान मी संघाच्या अध्यक्षांना, कासारवाडीच्या फारूक सुभेदारांना दाखवून आले. वाटलं, कार्यक्रमच रद्द करतील. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "ताई, पळालेले पुष्कळ पाहिले. त्यात मीही आहे. लिहून ठेवणारा हा पहिलाच."

तू म्हणतोस, घरातली लाज चव्हाट्यावर कशाला? मग आधी माझी ऐक. आबा गेले त्या दुपारी मी औषध आणायला गेले होते, असं तुला चौदा वर्षं सांगत आले. औषध संपलंच नव्हतं. त्यांचा श्वास घरघरायला लागला, त्यांनी माझं मनगट धरलं आणि मी ते सोडवून पळाले. भोसरीच्या बसथांब्यावर बसून राहिले. तासाभराने परत गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी चादर तोंडावर ओढलेली होती. मी ती काढली, त्यांचं तोंड पुसलं, हात सरळ केले, आणि तू येईपर्यंत तिथून हलले नाही.

हे मी कुठेच लिहून ठेवलं नाही. आबांची छाती माझ्याकडे नव्हती. आज लिहिलं.

तेव्हा सव्वीसला ते पान मी वाचणार. मूळ वहीतून, तुझ्या भाषणानंतर, माइक हातात घेऊन. तुला उठून जायचं असेल तर खुशाल जा. परत मात्र ये. तुझी खुर्ची मी कोणाला देणार नाही.

पळालेली आणि परत आलेली,
आबांची थोरली,
दुर्गा