सवतीचा घोट

६ मे
आले एकदाची सासरी! सहाव्या महिन्याचं पोट सांभाळत जोधपूरहून ट्रकच्या केबिनमध्ये बसून आले. हाडं खिळखिळी झाली, पण सासूसांनी दारातच "ये गं बीनणी" म्हणत गूळ भरवला आणि सगळा शीण गेला. मला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. कुंवरसा मला सोडून, चहा पिऊन, माल घेऊन पुढे निघूनही गेले. नवरा ट्रकवाला असला की असंच. धाकटी नणंद मूमल पोटाकडे बघून म्हणाली, "भाभीसा, आत बाळ आहे की कलिंगड?" मला ती फार आवडली.

सासूसांनी आधी माझा गळा बघितला, सुगनकंवरचा टाक आहे ना म्हणून. सुगन ही कुंवरसांची पहिली बायको, पोटुशी असतानाच तापाने गेली. दुसरेपणावर आलेलीने सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा आणि घास-घोट आधी तिला दाखवायचा, अशी आमच्यात रीत आहे. जोधपूरला मी तो खुशाल डबीत ठेवायचे. इथे असली लबाडी चालायची नाही.

११ मे
घर ऐसपैस आहे. अडचण एकच. संडास पुढच्या दारच्या देवडीच्या पलीकडे आणि देवडीत ससरासा. सकाळी चार म्हातारे जमतात, मग अफूचं पाणी आणि गप्पा उन्हं कलेपर्यंत. सुनेने सासऱ्याच्या समोरून जायचं नाही, घुंगट ओढूनही नाही. ते जेवायला उठले की मी पळते. तोवर पोटातला दांडगोबा नेमका तिथेच लाथा मारतो.

सासूसांनी उपाय सांगितला: पाणीच कमी पी, म्हणजे उठावं लागणार नाही. आमच्या वेळी तर संडासही नव्हता, म्हणाल्या, बाईची जात उंटाची. आणि स्वतःच खळखळून हसल्या. मीही हसले.

१९ मे
लघवीला आग होते. जेमतेम होते आणि लगेच पुन्हा लागल्यासारखं वाटतं. लाजत लाजत मूमलला सांगितलं. आज गावच्या नर्सबाई घरी आल्या तेव्हा तिने मला पुढे ढकललं. बाईंनी बाटली दिली, यात धरून पाठव म्हणाल्या. पोटुशीने हे दुखणं अंगावर काढू नये, मूल अवेळी येतं, कधी आईही जाते. मी बाटली भरून सासूसांकडे दिली. आता गोळ्या येतील, बरं वाटेल.

दुपारी एक गंमत झाली. लोट्यात दोन घोट पाणी घेतलं होतं, टाकाला दाखवलं, खाली ठेवलं. वळून बघते तर लोटा काठोकाठ. मूमलचाच खोडसाळपणा. पण ती शपथ घेते.

२४ मे
निरोप आला: तपासणी स्वच्छ, काही दोष नाही. मग ही आग कसली? कमरेतून कळ येते. सासूसा टाकाकडे टक लावून बघत होत्या. सुगनचीही स्वच्छच आली होती, म्हणाल्या.

लोटा आज पुन्हा भरलेला.

२७ मे
हुडहुडी भरून ताप. बाहेर लूचा तापलेला वारा चालला आहे आणि मी दोन गोधड्यांत कुडकुडते. खोलीतून ओली पावलं निघाली होती, बारीक, बाईची. देवडीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन संपली. मूमल येईतो वाळली. तिचा चेहरा उतरला. सुगनभाभी त्याच उंबऱ्यावर पडली होती, म्हणाली.

२९ मे
भोपा आला. मोरपिसांनी झाडलं. म्हणे सुगन तहानलेली आहे, भरला लोटा ही तिची मागणी, माझ्या तोंडाने पिते. पाणी तोडा, आपोआप जाईल.

माठ उचलून नेला. कुंवरसांचा फोन लागत नाही. बाळ कालपासून कमी हलतं. मला फार भीती वाटते आहे.

३० मे
मूमलने पदराआडून तांब्या आणला. रडत होती. माझी बाटली सासूसांनी राखेत ओतली होती. पोटुशीचं पाणी घराबाहेर गेलं तर कुणी करणी करेल, म्हणून बाटलीत स्वतःचं भरून दिलं —

सुगनच्या वेळीही तेच. मायेनेच केलं हो भाभीसा, म्हणाली.

मायेने —

३१ असावी
ती आली. भर दुपारी. ओठ फुटलेले, एक हात पोटावर. हातात लोटा. मागायला आली वाटलं. नाही — माझ्याकडे धरते आहे. मागत नव्हतीच कधी. पी म्हणत होती —

प्याले. सगळं.

आता ती दारात. तोंड उघडं, घुंगट नाही. चल म्हणते. देवडीत म्हाताऱ्यांचं हसू ऐकू येतं —

नंतर
भिंतीला धरून देवडीपर्यंत आले. कुंवरसा, तुम्हाला कळावं म्हणून लिहिते — तापाने नाही गेली ती — रस्त्यावर कुणाची तरी जीप मिळेल — नर्सबाई —

ओली पावलं उंबऱ्याशी थांबली. तिला याच्यापुढची वाट ठाऊक नाही. माझ्याकडे बघते आहे.

पोटात लाथ. आहे! आहे अजून!

ससरासांनी मान वर केली. बीनणी, म्हणून ओरडले — सासूसा मागून धावत — ओढणी धरली — मीच सोडली ओढणी — एक पाय पलीकडे, दुसरा —