लाल ठिपक्याकडे बघा

मी, ऊई सिऊ गाइक, कै. लो कोक सेंग यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम (आता बंद), राहणार ताइपिंग, पेराक, मलेशिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि दुपारचं जेवण व्यवस्थित झाल्यावर लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी एकदा रागाच्या भरात एक मृत्युपत्र लिहिलं होतं, ते फाडून टाकलं. तरी त्याचा एखादा तुकडा कोणाला सापडलाच तर तो रद्द समजावा. वकील म्हणाले, "बाई, मोजकं लिहा." मोजकं बोलण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, आता मी सविस्तर लिहिणार.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची ऊई बेंग सिम हिने करावी. तिला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तिला नेमलं आहे. आमच्या छायाचित्र मंडळातल्या कोणाला नेमलं असतं तर माझे अंत्यविधी उरकेपर्यंत कोणती लेन्स बरी यावरच वाद चालला असता.

कलम २. राहतं घर माझा मुलगा लो वेई कियात, मुक्काम सिंगापूर, याला द्यावं. मात्र त्याने कलम ६ मधली अट तंतोतंत पाळली तरच. न पाळल्यास घर बेंग सिमला मिळेल. वेई कियात, तू रागावशील हे मला ठाऊक आहे. रागाव, पण अट पाळ.

कलम ३. बँकेतल्या रकमेतून माझे अंत्यविधी करावेत, उरेल ते बेंग सिमने घ्यावं. मंडळाला एक छदामही देऊ नये. या मंडळात मी एकोणचाळीस वर्षं आहे. दर रविवारी सकाळी फू यांच्या कॉफीच्या दुकानात आम्ही बसतो, टोस्ट आणि काळी कॉफी मागवतो, फोटो एकमेकांपुढे सरकवतो आणि एकमेकांची अक्कल काढतो. हल्ली तेच फोनवरच्या ग्रुपवर चालतं, फक्त टोस्ट नसतो. दरवर्षीचं बक्षीस तळ्यावरच्या धुक्याला नाही तर मासेमारीच्या होड्यांना मिळत आलं. मी चेहरे काढते. माझ्या चेहऱ्यांबद्दल श्री. चिआ किम लिओंग यांचं मत मंडळात सगळ्यांना पाठ आहे: "वहिनी, फोटो बरा आहे हो. पण हा आपला पासपोर्ट फोटोचा थोरला भाऊ."

हसायचे सगळे. आणि वय झालं की एकेक जण गुपचूप माझ्याच दारात यायचा. आम्हा चिनी लोकांत शवपेटीपुढे गेलेल्याचा मोठा फोटो ठेवतात, लोक त्याच्यासमोर उदबत्ती लावून तीनदा वाकतात. तो फोटो आपल्या मनासारखा असावा असं प्रत्येकाला वाटतं. मग मंडळात चेष्टा सुरू व्हायची, "काय रे, गाइककडे बसून आलास म्हणे? मग आता सामान बांधायला घे." चेष्टा करणारेही पुढे येऊन बसलेच. माझ्या भिंतीसमोरच्या लाकडी स्टुलावर मंडळाची जवळजवळ सगळी जुनी पिढी बसून गेली, आणि गेली. एकानेही वार्षिक सभेत माझं नाव घेतलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. हे मी जिवंतपणी कोणाला सांगितलं नाही.

कलम ४. शिवणयंत्र शेजारच्या शाळेला द्यावं. कॅमेऱ्याचं सामान ठेवायचं दमट हवा शोषणारं विजेचं कपाट बेंग सिमने न्यावं आणि त्यात सुकी मासळी ठेवावी, उत्तम राहील. या गावात वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस ओला राहतो, त्यामुळे लेन्सला बुरशी लागेल या धाकात मंडळातले लोक जगतात. स्वतःला खोकला झाला तर दुर्लक्ष करतील, पण लेन्समध्ये पांढरा धागा दिसला की तोंडचं पाणी पळतं. त्यात ती बुरशी शेजारच्या लेन्सलाही लागते असं श्री. चिआ सर्वांना सांगत आले आहेत. सामानाविषयी त्यांचा शब्द शेवटचा. काय विकावं, काय घ्यावं, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणी करत नाही. मीही करत नव्हते.

कलम ५. हे कलम मालमत्तेविषयीच आहे, जरी ती मालमत्ता आता माझ्याकडे नसली तरी.

माझे यजमान कोळशाच्या भट्टीवर कामाला होते. आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा त्यांनी मला चेहऱ्यांसाठी असते तशी एक लेन्स आणून दिली. किंमत मला कधीच सांगितली नाही. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या हातून तळ्याच्या पायरीवर पडली आणि पुढच्या काठाचा काळा रंग उडाला. मी रडायला लागले तर हे म्हणाले, "अगं, काच शाबूत आहे ना? मग रडतेस काय. लाव काहीतरी वरून." घरात काळं काही नव्हतं, माझं लाल नेलपॉलिश होतं. त्याचा ठिपका लावला. पुढे त्याचाच उपयोग झाला. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की कुठं बघू, कुठं बघू करतो. मी म्हणायची, "लाल ठिपक्याकडे बघा." नजर ठरायची, चेहरा सैल व्हायचा. माझे सगळे चांगले चेहरे त्या ठिपक्याकडे बघत आहेत.

एका रविवारी श्री. चिआ यांनी ती लेन्स माझ्याकडून मागून घेतली, मागून टॉर्च मारला आणि मान हलवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"वहिनी, बुरशी. संपली ही."

"मला तर काही दिसत नाही."

"तुम्हाला नाही दिसायची. आत, अगदी खोल आहे. बाकीच्या लेन्स बाधायच्या आत काढून टाका. बाजारातला दुकानदार देईल ते घ्या, घासाघीस करू नका. आणि त्याऐवजी नवीन घ्या, मी सांगतो ती. केस न् केस मोजून दाखवते."

मी दुसऱ्याच दिवशी लेन्स विकली. नवीन घेतली. ती खरोखरच केस न् केस मोजायची. वर्षाच्या आत यजमानांना फुप्फुसाचा आजार झाला. मी त्यांना स्टुलावर बसवलं, चार वेळा बसवलं, आणि चारही फोटोंत मला नुसता आजार दिसला, माझा माणूस दिसला नाही. त्यांनीच शेवटचा फोटो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "हा नको ग ठेवूस." म्हणून अंत्यविधीच्या दुकानवाल्याने ओळखपत्रावरचा चेहरा मोठा केला आणि त्याला खालून तयार कोट-टाय चिकटवला. ज्या माणसाने जन्मात कोट घातला नाही, आणि ज्याची बायको शिंपीण, तो उसन्या कोटात गेला.

त्या दिवशी मी सुतकाच्या कपड्यांत पेटीजवळ गुडघ्यांवर बसले होते. मंडळातर्फे फोटो काढायला श्री. चिआ आले होते. मी मान वर केली तेव्हा कॅमेरा माझ्याकडे रोखलेला होता आणि लेन्सच्या काठावर माझा लाल ठिपका होता.

सुतक फिटल्यावर मी बाजारात त्या दुकानदाराला विचारलं. तो सहज म्हणाला, "अहो, तुम्ही गेलात आणि तासाभरात चिआ येऊन घेऊन गेले की. मला वाटलं, तुमचं आपसात ठरलंय."

मी गप्प बसले. बोलले असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. चार जण म्हणाले असते, नवरा गेलाय, बाईचं डोकं फिरलंय, जुन्या लेन्ससाठी भांडतेय. रविवारची कॉफी तेवढी गेली असती, आणि माझ्याकडे तेवढीच उरली होती. त्यानंतर त्यांनी ती लेन्स कधी टेबलावर आणली नाही. वीस वर्षं मी दर रविवारी त्यांच्यासमोर बसले आणि माझ्या फोटोंतल्या चुका त्यांच्याकडून ऐकून घेतल्या.

कलम ६. माझ्या पेटीपुढे ठेवायच्या फोटोविषयी.

वेई कियात मागच्या नववर्षाला घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, तू कशाला डोक्याला त्रास करून घेतेस? हल्ली फोनवरच होतं सगळं. सुरकुत्या जातात, मागचं पुसता येतं, हवा तर छानसा ब्लाउजही चढवता येतो."

मी चाळीस वर्षं या गावाचे ब्लाउज शिवले. मला उसना ब्लाउज चढवायचा नाही.

या मार्च महिन्यात श्री. चिआ स्वतःहून माझ्या दारात आले. ते थकले आहेत. म्हणाले, "वहिनी, राहिलो आपणच. तुम्ही माझा काढा, मी तुमचा काढतो. फिटंफाट." आणि पिशवीतून कॅमेरा काढला. त्यावर ती लेन्स होती. "चेहऱ्याला हिच्यासारखी दुसरी नाही," असं मलाच सांगू लागले.

मी त्यांना स्टुलावर बसवलं. हनुवटी ठीक केली, कॉलर नीट केली. डोळा लावला आणि आजवर सगळ्यांना सांगत आले तेच सांगितलं, "लाल ठिपक्याकडे बघा."

ते म्हणाले, "हा ना? पहिल्यापासून आहे. इपोहच्या एका माणसाकडून घेतली होती मी ही. कोण जाणे कोणी फासलंय."

हे बोलताना त्यांची पापणी हलली नाही. मी तिथेच बटण दाबलं. ते खोटं बोलत होते की खरोखरच विसरले होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विसरले असतील तर ते जास्त झोंबतं. फोटो मात्र माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला आला. शांत, दिलदार, निष्पाप चेहरा. त्यांनी तो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे वर केले. कोणीतरी लिहिलं, "किती निर्मळ माणूस दिसतो!"

मग मी बसले. त्यांनी कॅमेरा माझ्याकडे रोखला. मी लाल ठिपक्याकडे बघितलं.

फोटो पाहून म्हणाले, "वहिनी, नजर किंचित खाली गेलीय. आणि रागीट दिसताय हो. असं वाटतं, आत्ता कोणाला तरी खाणार. एक आणखी घेऊ."

"नको. हाच राहू दे."

तोही ग्रुपवर गेला. "डोळे चुकलेत." "पुन्हा काढा." "हसा की जरा!" फक्त मंडळातल्याच, माझ्या शेजारच्या पुआन (म्हणजे श्रीमती) रोहानींनी लिहिलं, "गाइक, कशाकडे बघताय?"

तर अट अशी. हाच फोटो पेटीपुढे ठेवावा. त्यातली एकही सुरकुती पुसू नये, नजर वर उचलू नये, ब्लाउज माझा मीच शिवलेला आहे तो तसाच राहू द्यावा. लोक म्हणतील, काय तुसडी बाई होती. म्हणू देत. फसवणारा निर्मळ दिसतो आणि फसलेली बाई भांडकुदळ दिसते, याला कोणतीच लेन्स काही करू शकत नाही. फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर ठेवावा. श्री. चिआ उंचीने बेंग सिमएवढेच आहेत, तिने स्वतः समोर उभं राहून बघून घ्यावं.

कलम ७. श्री. चिआ किम लिओंग हयात असल्यास त्यांना आवर्जून बोलवावं. त्यांना माझ्या अंत्यविधीचे फोटो काढू देऊ नयेत. कॅमेरा बाहेर ठेवून, रिकाम्या हातांनी आत यावं. त्यांनी उदबत्ती लावावी, तीनदा वाकावं आणि मान वर करून फोटोकडे नीट बघावं. मी कशाकडे बघते आहे हे तिथल्या गर्दीत त्यांना एकट्यालाच कळेल, आणि विसरले असतील तर आठवेल.

त्यानंतर बेंग सिमने माझ्या शिवणाच्या डब्यातली लाल नेलपॉलिशची बाटली सर्वांच्या देखत त्यांच्या हातात द्यावी. लेन्स मी परत मागत नाही. तिच्यावरचा ठिपका जुना होऊन फिकट पडला आहे, मार्चमध्ये माझ्या लक्षात आलं. बाटलीतलं नेलपॉलिश घट्ट झालं आहे. दोन थेंब थिनर घालून हलवावं आणि ठिपका त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा लावून घ्यावा.

यापुढे मला काही सांगायचं राहिलेलं नाही. लिहिलेलं सगळं पुन्हा एकदा मोठ्याने वाचून पाहिलं, एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, म्हणून खाली सही करते.

सही: ऊई सिऊ गाइक

साक्षीदार १: पुआन रोहानी बिंती सुलैमान, शेजारी. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून माझा कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड यांना मागच्याच आठवड्यात दिला.)

साक्षीदार २: फू सेक वाई, कॉफीचं दुकान. (यांनी सही करताना आतला मजकूर वाचायचा प्रयत्न केला. वाचू दिला नाही.)

आम्हा दोघांच्या समक्ष श्रीमती ऊई यांनी सही केली. हात थरथरत नव्हता.

ठिकाण: ताइपिंग
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३