कॉफीचे तास आणि फासळीचे

११ जानेवारी १९७०, रविवार

गुडघा बरा आहे का? नाही. थंडी उणे तिशीच्या घरात गेल्यावर तो मेला वेगळा संसार थाटतो. मान्सिक्की बरी आहे का? बरी आहे, दूध जरा आटलंय, पण गाय समजूतदार. राइली बरी आहे का? खोकला गेला, दात हलतोय, सहा वर्षांची झाली म्हणून ऐट आहे. ओइवा बरा आहे का? घोड्यासारखा! उद्या पहाटे लाकूडतोडीच्या तळावर परत जाईल, शनिवारी येईल. माझा एकुलता एक, पोटचा गोळा.

आणि सूनबाई? तेर्त्तू बरी आहे का?

म्हणते, विहिरीवर बर्फात घसरले. काल सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, तिच्या पाठीला तुंबड्या लावायला घेतल्या. चाळीस वर्षं या गावाच्या पाठी बघतेय मी. कुणाचं शिकवणं नाही, आईचं बघून बघून शिकले. पडल्याचा काळानिळा डाग वेगळा असतो.

बर्फाला बोटं नसतात.

मी तुंबड्या न लावताच उठले. तिने तापल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ झाली, बरं झालं. तोंड दिसलं नाही एकमेकींचं.

१४ जानेवारी

वेन्लाच्या दुकानात आज स्वीडनचाच बाजार. वेन्लाची भाची बोरोस गावी शिवणाच्या कारखान्यात आहे, तिचं पत्र आलंय. वेन्ला ते गिऱ्हाइकाला मिठाबरोबर वाचून दाखवते.

"किलोभर कॉफीला इथे किती तास राबावं लागतं? सव्वादोन! तिकडे? एक! एक तास बसून शिवायचं आणि किलोभर कॉफी!"

आपल्या गावचा आर्वी स्वीडनला असतो, नाताळाला गोथेनबर्गहून आला तो अजून गेलेला नाही. म्हणाला, "सायमीमावशी, नळ सोडला की गरम पाणी. संडास घरात. लाकूड फोडायला नको."

मी म्हटलं, "घरात संडास? जेवायला मग बाहेर जाता का रे?"

हशा झाला. पण आर्वी चिडला. "इथे काय राहिलंय? सरकार शेत पडीक ठेवायचे पैसे देतंय, गाय कापायचे पैसे देतंय. उद्या म्हाताऱ्या मोडीत काढायचे देईल!"

"माझं वजन करून ठेव मग," म्हटलं.

तेर्त्तू सुतळीच्या गुंडाळ्यांजवळ उभी होती. हसली नाही. एक शब्द चुकू नये तसं ऐकत होती.

१५ जानेवारी

ओइवा-तेर्त्तू तिकडे जाणार असतील तर नीट तोलून जावं. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने पाडले. इथे — तिथे. मजुरी: तिथे दुप्पट. भाडं: तिथे भारी, इथे शून्य. बटाटे, मासे, जंगलातली बोरं: इथे फुकट, तिथे पुडीत. शाळा: राइलीला भाषा येणार नाही. माणसं: तिथे आपल्याला फिनी सैतान म्हणतात, आर्वीनेच सांगितलं दारू चढल्यावर. सौना: तिथे आठवड्यातून एक तास, पाळीने! दुरून डोंगर साजरे. बेरीज इकडेच झुकली. मला तर आनंदच झाला.

तेर्त्तूला दाखवलं. तिने बराच वेळ वाचलं. मग म्हणाली, "आई, एक रकाना राहिला."

"कुठला गं?"

"शनिवारचा."

आणि उशीच्या खोळीतून पत्र काढलं. बोरोसच्या कारखान्याचं. तिला घेतलंय! राहायला खोलीसुद्धा. एकटीच्या नावाने अर्ज केलाय — ती आणि राइली. ओइवा नाही. एक मार्चपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला.

मला राग आला. खरं लिहिते, आला. माझ्या लेकाला असं टाकून?

१७ जानेवारी, शनिवार

ओइवा आला. प्यायलेला. रेडिओ कुऱ्हाडीने फोडला. गाणं आवडलं नाही म्हणे.

१८ जानेवारी

रेडिओनंतर तेर्त्तू.

मी आणि राइली बटाट्याच्या तळघरात होतो. तिने कान झाकले होते, मी तिचे हात झाकले होते, तरी ऐकू येतच होतं. वर टेबल ओढल्याचा आवाज. मग ओढल्याचा नाही, आपटल्याचा. राइली म्हणाली, "आजी, आता संपेल. आई ओरडायची थांबली की संपतं." सहा वर्षांच्या पोरीला हा हिशेब येतो!

सकाळी चाचपून पाहिलं. डावीकडची फासळी गेलीय, कदाचित दोन. पट्टा आवळून बांधला. ओइवा शेजारच्या खोलीत घोरत होता. कॅलेंडर उलटून बसले. फासळी जुळायला — सहा आठवडे. कॉफीला तास लावता येतात तर फासळीलाही लावता येतील. सहा आठवड्यांचे तास मांडत गेले तर कॉफीची पोती झाली. पुढे लिहवेना. शेळी जाते जिवानिशी आणि मी इथे बोरांचे भाव मांडत होते.

२४ जानेवारी, शनिवार

आज ओइवा न पिता आला. मी सौना सकाळपासून तापवली होती. म्हटलं, "चल, रक्त काढते. तुझं रक्त घट्ट झालंय, म्हणून डोक्यात जातं." माझा विश्वासच होता. तीस-चाळीस माणसं या गावात माझ्या तुंबडीच्या शिंगांनी शांत झालीत.

पाठीवर अकरा शिंगं लावली. पात्याने बारीक चिरा पाडल्या. रक्त आलं ते डांबरासारखं काळं. लाकडी फळीवरून खाली ठिबकत होतं. एवढी रुंद पाठ. मी त्याला न्हाऊ घालायचे तेव्हा तळहातात मावायची ही. पातं मानेजवळ होतं. तेव्हा जे मनात आलं ते कागदालाही सांगत नाही.

सौनात आवाज चढवायचा नाही, खोटं बोलायचं नाही. माझी आई म्हणायची, देवळात वागतो तसं वागायचं. म्हणून मी सांगितलं. सगळं. स्वीडन, पत्र, एक मार्च; गावाचं नाव तेवढं राहून गेलं. म्हटलं, "जाऊ दे तिला, बाळा. तुला सुधारायला वेळ मिळेल. वर्षभराने तूही जा."

तो रडला! गुडघ्यात डोकं घालून, लहानपणी रडायचा तसा. "जाऊ दे आई. मीच वाईट आहे. जाऊ दे तिला."

सौनात दिलेला शब्द. आज झोप लागेल.

२५ जानेवारी

उजाडेपर्यंत थांबला तो. पत्र न वाचताच चुलीत घातलं. मग तेर्त्तूचा जबडा. एकाच ठोशात — मोडल्याचा आवाज आला, वाळकी फांदी मोडते तसा. राइली मध्ये गेली तिलाही झोकून दिली, दाराच्या चौकटीवर. दात पडला. हलणारा नाही, दुसरा.

मी जळणातला ओंडका उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. कालच्याच जखमांवर. सदरा लाल झाला. तो वळून हसला — "म्हातारे, तुझे हात रक्त शोषायला बरे. मारायचं आमच्यावर सोड."

मी पुन्हा घातला. तिसऱ्यांदा घालायच्या आत त्याने ओंडका काढून घेतला आणि मला भिंतीशी बसवलं, खुर्ची ठेवावी तसं.

मी सांगितलं त्याला. मी! वाफेत बसून, शहाणपणाने. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणत, तेर्त्तू घरात आल्यापासून बारा वर्षं गप्प बसले, आणि तोंड उघडलं ते नको तिथे.

२६ जानेवारी

तो तळावर गेला. वेन्लाच्या दुकानातून फोन केला. वेन्लाने भाचीला, भाचीने मुकादमबाईला विचारलं. पत्र जळलं तरी नाव वहीत आहे. जबडा बांधून आली तरी चालेल, शिवायला तोंड लागत नाही म्हणाली.

तिकिटाला पैसे नाहीत.

२७ जानेवारी

मान्सिक्कीला कसायाला दिलं. कसाई म्हणाला, "मावशी, तुम्ही घरात जा." नाही गेले. दोरी मीच धरली. तिने माझ्याकडे बघितलं, मला वाटलं चारा मागतेय. घण कपाळावर एकदा बसला, ती गुडघ्यावर आली, पण गेली नाही. दुसऱ्यांदा मारावा लागला. मग गळा. बर्फ कुंपणापर्यंत लाल, वाफा निघत होत्या. माझ्या स्कर्टवर, माझ्या बुटांत.

पैसे रोख दिले. मी ते मोजले. तिकिटं निघतील.

२९ जानेवारी, गुरुवार

पहाटेची बस. तिथून आगगाडी, तुर्कू बंदरातून जहाज. तेर्त्तूचं तोंड फडक्याने बांधलेलं, बोलता येत नव्हतं. कागदावर लिहिलं — आई, तुम्हीही चला.

म्हटलं, "तुंबडीवालीला तिकडे कोण विचारणार? नळाला गरम पाणी आहे त्यांच्या."

तिने पुन्हा लिहिलं. तो तुम्हाला मारेल.

"मी त्याला जन्म दिलाय. मला नाही मारणार."

तिने पेन्सिल ठेवली. राइलीने बसच्या खिडकीतून तोंड उघडून दाताची खिंड दाखवली मला. दोन दातांची खिंड, हलणाराही गेला होता.

वेन्लाने दुकानात सगळ्यांना सांगायचं ठरलंय — गोथेनबर्गला गेली, आर्वीच्या ओळखीने. आर्वी स्वतः म्हणाला, "येऊ दे त्याला माझ्याकडे विचारायला. शहर मोठं आहे, हिंडेल वर्षभर." वायफळ पोरगा, पण मर्द निघाला.

३१ जानेवारी, शनिवार

सौना पेटवली नाही. चार वाजले, अंधार पडला. रस्त्यावर त्याच्या पायाने रेटायच्या बर्फगाडीचा आवाज येतोय —

९ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लागेल ना?

उजव्याची चार बोटं त्याने दाराच्या फटीत धरून दार लावलं. एकेक करून. प्रत्येक बोटाला विचारलं, कुठं? मी गोथेनबर्गसुद्धा म्हटलं नाही. खोटं बोलायलासुद्धा तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. हवालदाराला मात्र त्याचं नाव सांगितलं. पूर्ण नाव.

डॉक्टर म्हणतात, हात तुंबडीला आता उपयोगाचा नाही.

तेर्त्तू, हे पत्र म्हणून उतरवून वेन्ला पाठवेल. जबडा कसा आहे? राइलीचा दात आला का? तुझ्या खोलीत आणखी एक खाट मावते का? कोपऱ्यातली चालेल. लवकर लिही. पण घरी नको, त्याच्या हाती पडेल — दुकानाच्या पत्त्यावर.